दिवाळीनंतर पाणी बंद

३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतला जुना आंबा आडवा झाला. ई-पास काढून पुण्याहून पोचलो, तेव्हा फांद्यांवर काटक्यांसारखी जाडसर खोडं दिसली, टोकाला कोवळी पानं. काकी म्हणाली, “बांडगूळ आहे, टाक.” पण बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस पितं, यांची पांढरी मुळं सालीला नुसती धरून होती. आमरी, म्हणजे ऑर्किड! त्यातही डेंड्रोबियम या गटातली. फांद्या चुलीतच जाणार होत्या, म्हणून चार-पाच झुबके सोडवून आणले आणि आंब्याच्याच लाकडाच्या तुकड्यांवर सुतळीने बांधले. नोंद कसली ठेवतोय! सगळे एकच, असं धरून चाललो.

पहिल्या हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून रोज फवारा मारत सुटलो. फुलं नाहीतच, खोडांच्या पेरांवर मुळांसकट पिल्लं फुटली आणि दोन खोडं तळाशी कुजली. फोनवर रडगाणं गायलो, तर काकी म्हणाली, “अरे, दिवाळीनंतर झाडावर त्यांना पाणी कोण घालत होतं?”

पुढच्या दिवाळीपासून पाणी तोडलं, खतही. फार तर पंधरवड्यातून एकदा पहाटे हलका फवारा, दवाच्या जागी. उजेड भरपूर, थंडी पुण्याची आयतीच. खोडं सुरकुतून पार चिपाडं झाली. बायको दोनदा केरात टाकायला निघाली होती.

डिसेंबरअखेर एका झुबक्यावर पिवळट-हिरवट, छोटी फुलं आली. चित्रं ताडून पाहिली: डेंड्रोबियम ओव्हेटम. बाकीचे ढिम्म. म्हटलं, तेच असणार, जरा आळशी. पण फेब्रुवारी संपता संपता दुसऱ्या एका झुबक्याच्या निष्पर्ण काटक्या पांढऱ्या फुलांनी भरल्या. फुलं मोठी, किंचित गुलाबी झाक, पुढची ओठासारखी पाकळी लांब. भिंगातून पाहिलं तर तिच्या बुडाशी बारीक लव. हे बार्बाट्युलम, लॅटिन नावातच ‘छोटी दाढी’ आहे. दोन्ही सह्याद्रीच्या पट्ट्यातल्याच, आणि फुलं नसताना मला आजही वेगळ्या सांगता येत नाहीत.

आता लाकडांना पत्र्याच्या चकत्या अडकवल्यात. दोनांवर नावं आहेत. उरलेले अजून फुललेले नाहीत, त्यांच्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.