मुरूम किती वाळला, हे शोधताना

नागपूरजवळच्या सागाच्या जंगलात वणव्याचे दिवस फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. माती पुढच्या चार-पाच दिवसांत किती वाळेल हे आधी सांगता आलं, तर जाळरेषेवरची (आग अडवायला जंगलात साफ केलेल्या पट्ट्यांवरची) माणसं नीट लावता येतील, या विचाराने मी एम.एस्सी.चा प्रकल्प घेतला.

आधी उपग्रहाचे आकडे पाहिले. मातीची ओल मोजणाऱ्या नासाच्या ‘स्मॅप’ उपग्रहाच्या मूळ नोंदीत एक आकडा साधारण ३६ किलोमीटर बाजूच्या चौकोनाचा, आणि त्यातही वरच्या पाच सेंटिमीटर मातीचीच ओल. एका चौकोनात काळी शेतजमीन, तलाव आणि जंगलातला मुरूम सगळं येतं. काळी माती ओल धरून बसते, मुरूम केव्हाच कोरडा झालेला असतो. म्हणून परवानगी काढून मी स्वतः माती आणली. डबीत भरायची, तोलायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास ठेवायची, पुन्हा तोलायची. वजन घटलं तेवढं पाणी. कंटाळवाणं काम, पण भरवशाचं.

अंदाजासाठी १९६८चा कीच-बायरम निर्देशांक घेतला. कमाल तापमान आणि पाऊस रोज भरायचा. मातीत किती पाण्याची तूट आहे, ते तो सांगतो: शून्य म्हणजे माती तुडुंब, २०३ मिलिमीटर म्हणजे पार कोरडी. इथे माझी मोठी चूक झाली. मी एक जानेवारीला शून्य धरून हिशेब मांडला. शून्य धरायचं ते पावसाळ्यात, माती पूर्ण भिजलेली असताना. सगळं पुन्हा केलं, तेव्हा कुठे आकड्यांचा चढउतार डबीतल्या मातीशी जुळू लागला. पुढच्या पाच दिवसांसाठी हवामान खात्याचा अंदाज त्यात घातला.

मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि निर्देशांक खाली आला. मी निश्चिंत. सोबतचे वनमजूर काका म्हणाले, “ताई, पाला तं दोन दिवसात वाळते. ओल हाय ते खाली.” त्यांनी पाला बाजूला करून दाखवला. वर कुरकुरीत, खाली माती गार.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या लिहिते. आग लागेल का, हे पाला आणि माणसं ठरवतात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला की ती कधीही पसरते. विझल्यावर बुंध्यात, मुळांत धुमसत राहील का, हे खालची माती सांगते. म्हणून निर्देशांक चढता असेल तेव्हा मी एकच विनंती करते: आग विझली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारा, आणि पडलेली खोडं हाताने चाचपून बघा.