आयर्विनला किती?

रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर झड लागलीय. संध्याकाळी मोबाईलवर कृष्णेची पाणीपातळी आली, आयर्विन पुलाला १९ फूट. म्हणजे अजून काळजीचं कारण नाही. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोरासोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं.

शेजारची तिसरीतली मुलगी दुपारी आली होती. मी मुलांसाठी महापुराच्या गोष्टीचं पुस्तक लिहितेय, त्याची पहिली वाचक तीच. मांडीवर कागदांची चळत, प्रत्येक शब्दाखाली बोट. टाइप मुद्दाम ठसठशीत ठेवलाय, दर प्रकरणाला एक चित्र येणार आहे, आणि एक प्रकरण पंधरा-वीस मिनिटांत संपतं. तेवढंच पाहिजे. चित्रांच्या पुस्तकातून बाहेर पडलेलं मूल आपल्याकडे एकदम दीडशे पानांच्या कादंबरीपाशी येऊन उभं राहतं, आणि तिथूनच बरीचशी परत फिरतात. मधली पायरी फार थोड्यांनी बांधलीय. ‘मी आख्खं पुस्तक वाचलं’ असं ज्या पुस्तकाबद्दल मुलाला पहिल्यांदा म्हणता येतं, ते पुस्तक मला लिहायचंय.

प्रकरणांना मी नावं दिलेली नाहीत, आकडे दिलेत. ३०, ४०, ४५, ५०, ५७ आणि मग उतरताना ५०, ४५, ३०. हे आकडे पुलावरच्या पाण्याच्या फुटांचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही तसेच तर जगत होतो. कुणी कुणाला जेवलात का विचारत नव्हतं, विचारायचं ते एकच, आयर्विनला किती? १९२९ सालच्या त्या पुलावरचा आकडा ५७ च्या वर गेला तेव्हा आमच्या पहिल्या मजल्यावर गुडघाभर पाणी होतं. मुलांची पुस्तकं मी नेहमी खालच्या फळीवर ठेवायची, लहान हात पोचावेत म्हणून. पाण्याने तीच आधी नेली. ओसरल्यावर बघितलं तर फुगून फळीत घट्ट बसलेली, एकेक ओढून काढावी लागली. पानं उलगडायला गेलं की लगदा हातात यायचा. वरच्या फळीवरचे माझे जाडे ग्रंथ सगळे कोरडे. ते बघून मला जे वाटलं त्यातूनच हे लिखाण सुरू झालं, पण हात धजायला बरीच वर्षं गेली.

आज पाचवं प्रकरण होतं, ‘५७’. दारात होडी येते आणि घरातली माणसं एकेक करून उतरतात. मुलगी वाचत होती, मी तिच्या बोटाकडे बघत होते. ‘स्वयंसेवक’ला बोट थांबलं, तिने तुकडे करून वाचलं, पुढे गेली. ‘क्युसेक’ मात्र न अडखळता. धरणातून सुटणाऱ्या पाण्याचं ते माप तिच्या रोजच्या कानावरचं. अवघड जोडाक्षर मी गाळत नाही, फक्त एका ओळीत दोन येऊ देत नाही. आणि माणसं बोलतात ती आमच्या इथलंच बोलतात. आजी ओरडते, “पाणी चढायलंय, उठा!” हे वाचून ती मुलगी पहिल्या दिवशी चकित झाली होती. असं पुस्तकात चालतं का, म्हणाली. चालतं. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो. ते वाक्य मी कुणाच्या सांगण्यावरून ‘चढत आहे’ करणार नाही.

प्रकरण संपलं तरी तिने कागद खाली ठेवले नाहीत. मागे मागे जात दुसऱ्या प्रकरणात काहीतरी शोधलं आणि विचारलं, “काकू, म्हशीचं दावं कुणी सोडलं?”

मला एकदम गार पडल्यासारखं झालं. दुसऱ्या प्रकरणात मी त्या म्हशीची धार काढलीय. पाचव्यात आजी, आई, धाकटा भाऊ, रेशनकार्डाची पिशवी, सगळं होडीत चढवलं, आणि म्हैस गोठ्यात तशीच बांधलेली राहिली. “सोडलं असेल गं गोष्टीतल्या पोराच्या बाबांनी,” मी म्हटलं.

“असेल नको. लिहा की.”

बरोबर होतं तिचं. त्या ऑगस्टमध्ये कितीतरी लोकांनी शेवटचं काम तेच केलं होतं, दावी सोडली आणि जनावरांना पाण्याच्या हवाली केलं. मी लिहिताना माणसं वाचवण्याच्या घाईत होते. आठ वर्षांच्या मुलीला गोठा दिसत होता.

काय गाळायचं याचा मी खूप विचार केलाय. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी, जास्त भरलेली होडी उलटली, ते या पुस्तकात नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ज्या घरांतली माणसं गेली त्या घरांतली मुलं आता वाचण्याच्या वयाची आहेत, त्यांचं दुःख माझ्या गोष्टीतला प्रसंग करायला माझं मन घेत नाही. पण माझ्या होडीत नावाडी माणसं मोजतो आणि दोघांना खाली उतरवून पुढच्या खेपेला थांबायला सांगतो. वाचून दाखवणाऱ्या आईबापांना ते कळेल. म्हैस विसरणं ही मात्र निव्वळ माझी चूक.

रात्री बसून ते पान पुन्हा लिहिलं. गाठ भिजून अशी आवळलीय की बाबांच्या बोटांना सुटत नाही. पोरगा माळ्यावरून विळा देतो. बाबा दावं कापतात, म्हशीच्या पाठीवर थाप मारतात, आणि ती नाकपुड्या पाण्यावर धरून बोळातून पोहत निघते. प्रकरण उत्कंठेवर तोडावं म्हणतात, तशी ती बोळाच्या वळणावर दिसेनाशी होते तिथेच तोडता आलं असतं. या वयासाठी मला ते पटत नाही. दिवा मालवल्यावर ते मूल त्या वळणावर एकटंच उभं राहतं. म्हैस कुठे गेली हा प्रश्न रात्रभर राहू दे, पण हातात धरायला काहीतरी हवं. म्हणून शेवटी कापलेल्या दाव्याचा तुकडा पोराच्या मुठीत आहे. होडी हलते, आजी त्याला पदराखाली घेते, आणि मुठीला अजून गोठ्याचा वास येतोय.

म्हैस परत येते की नाही, ते ‘४५’मध्ये ठरवायचंय. उतरतानाच्या.

उद्या शाळा सुटल्यावर मुलगी येईल. खिडकीतून शिंतोडे येतायत, कागद आधी उचलून वरच्या फळीवर ठेवते.