‘झाडाखालची माती चालत नाही, काका’

माती तपासणीच्या अर्जातल्या ‘पीक कोणतं?’ या एका रकान्यापायी माझ्या तपासणी केंद्राच्या तीन फेऱ्या झाल्या. एस.टी.चं भाडं सोडा, दर खेपेला अख्खा दिवस गेला तो वेगळाच.

आमची दीड एकर मुरमाड पट्टी आहे, सोलापूर-सांगलीच्या हद्दीवर. पाऊस बरा झाला तर पाचशे मिलिमीटर. बाजरी कधी साधायची, कधी नाही. म्हणून नऊ वर्षांपूर्वी तिथे सुबाभूळ आणि कडुनिंब लावले, मधल्या पट्ट्यांत चाऱ्यासाठी मारवेल आणि स्टायलो. शेळ्यांचं भागतं. पण पडलेल्या पाल्याने जमीन खरंच सुधारते, की आपण नुसतं म्हणायचं? ते बघायला माती तपासायची ठरवली.

पहिल्या फेरीला खिडकीवरच्या पोराने अर्ज पाहिला. ‘पीक?’ म्हटलं, गवत आणि झाडं. ‘गवत पीक नाही काका. यादीत असेल तेच भरायचं.’ साहेब मीटिंगला. मी परत.

दुसऱ्या वेळी पीक राहिलं बाजूला, त्याने विचारलं, माती कुठून घेतली? मी खरं सांगितलं. ‘झाडाखालची चालत नाही. पत्रक वाचा.’ वाचलं. खरंच लिहिलंय: झाडाखाली, बांधालगत, शेणखताच्या ढिगाजवळ, पाणथळ जागी नमुना घेऊ नये. नियम चुकीचा नाही. ज्वारीच्या रानात एखादंच झाड असेल तर त्याच्या सावलीतली माती सगळ्या रानाची म्हणून कशी देणार? पण माझ्या रानात झाडाखालची जमीन हेच रान! हे मी त्याला तीनदा समजावलं. तीनही वेळा त्याने तीच ओळ बोट ठेवून दाखवली. अर्ध्या किलोची पिशवी मांडीवर घेऊन मी घरी आलो. चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. मुकाट्याने खोटं सांगितलं असतं तर काम झालं असतं, हेही डोक्यात आलं.

तिसऱ्या दिवशी आतून एक बाई चहाला बाहेर आल्या. त्यांनी दोन मिनिटांत तिढा सोडवला. ‘दोन वेगळे नमुने द्या. गट नंबरापुढे अ आणि ब लिहा, झाडाखालचा आणि उघड्यावरचा. पिकाच्या जागी कोरडवाहू ज्वारी टाका. खताची शिफारस सोडून द्या, नुसते आकडे बघा.’ एवढंच. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

मातीच्या आरोग्य पत्रिका आल्या. मातीतल्या बारा घटकांचे आकडे, आणि खाली ज्वारीला युरिया किती घालायचा ते. आमची ही हसून म्हणाली, ‘अहो, शेळ्यांना विचारा ज्वारी कुठे पेरलीय ते.’

सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन, झाडाखाली उघड्यापेक्षा जवळजवळ दीडपट निघाला. फुशारकी मारली चार दिवस. मग लक्षात आलं, दुपारभर शेळ्या बसतात त्याच निंबाखाली. लेंड्या तिथे, मूत तिथे. पाल्याचं किती आणि शेळ्यांचं किती, हे पत्रिका कशी सांगणार?

हो, एक राहिलं. पिकासाठी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेतात तो ठीक, पण पाल्याचा फरक वरच्या दोन-तीन बोटांतच जास्त असतो. खालची माती मिसळली की तो पातळ होतो. मी वरचा थर वेगळा घ्यायला हवा होता. माती सावलीत वाळवा, उन्हात नको.

पाला कुजतो कसा ते बघायला मच्छरदाणीच्या छोट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत दहा ग्रॅम वाळला पाला, खिळ्यांनी जमिनीला ठोकल्या. मे अखेरपर्यंत वजन हललंच नाही. पाऊस लागला आणि दोन महिन्यांत सुबाभळीच्या पिशव्या जवळपास रिकाम्या. तिच्या पाल्यात नत्र जास्त, त्यामुळे तो लवकर विरतो. निंबाचे देठ मात्र दिवाळीपर्यंत तसेच. दोन पिशव्या वाळवीने नेल्या. एकीचं वजन घटायच्या ऐवजी वाढलं! माती चिकटलेली, झटकलीच नव्हती मी. पेनाने लिहिलेले नंबरही पावसात पुसले गेले. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरा.

यंदा दोन निंबांभोवती बोरीची काटी लावली आहे, शेळ्या आत जाणार नाहीत. म्हणजे नमुने तीन. खिडकीवर तोच पोरगा असेल तर अ, ब, क.