हाँगकाँगमध्ये जुना किनारा शोधताना

पझेशन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला उभं राहून आधी नकाशा नीट धरलाय ना, ते पाहिलं. २६ जानेवारी १८४१ रोजी ब्रिटिश आरमाराने याच जागी किनाऱ्यावर उतरून झेंडा रोवला. म्हणजे इथं पाणी हवं. दिसत काय होतं, तर एसीतून ठिबकणारी धार आणि दुकानांमधून खाली उतरणारी अरुंद गल्ली. समुद्राचा वाससुद्धा नाही.

मग ठरवलं, उतार धरून चालायचं आणि वाटेत जुने किनारे किती लागतात ते पाहायचं. पहिला क्वीन्स रोड. १८४० च्या दशकात तो जवळपास पाण्याच्या कडेनेच आखला होता. पुढे बॉनम स्ट्रँड, नावातच किनारा (इंग्रजीत स्ट्रँड म्हणजे किनारा). डिसेंबर १८५१ मध्ये इथल्या वस्तीला मोठी आग लागली. जळक्या घरांचा राडारोडा समुद्रात लोटला आणि त्यावर ही गल्ली उभी राहिली. आणखी खाली दे व्हू रोड, तिथे दुमजली ट्राम. मागून चढायचं, पैसे उतरताना पुढच्या दाराशी टाकायचे. मला वरच्या मजल्यावर खिडकी मिळाली.

ट्रामलगतच्या या जमिनीची गोष्ट मला फार आवडते. १८५० च्या दशकात गव्हर्नर बोरिंग यांना सगळ्या किनाऱ्याला सरकारी बांध घालायचा होता. व्यापाऱ्यांनी तो हाणून पाडला. त्यांच्या जागा थेट पाण्याला लागून होत्या, धक्के स्वतःचे होते. समोर सरकारी रस्ता कशाला येऊ देतील? पुढे पॉल चेटर हा कोलकात्यात जन्मलेला आर्मेनियन आला आणि त्याने गणितच बदललं. समुद्रात भराव घालायचा खर्च जागामालकांनी करायचा, नवी जमीनही त्यांनीच घ्यायची. विरोध विरघळला. १८९० ला काम सुरू झालं आणि या बाजूला दे व्हू रोडपलीकडे कॉनॉट रोडपर्यंत शहर सरकलं. लोकहिताला खासगी फायद्याची फोडणी लागतेच. शिवाय या भल्या माणसाचं नाव एका रस्त्यालाही मिळालं, तोही भरावावरच्या!

पुढे वान चाय या भागात ट्राम जॉन्स्टन रोडवर वळली. तो वाकडा आणि शेजारचा हेनेसी रोड सरळसोट. कारण साधं आहे: जॉन्स्टन रोड जुन्या किनाऱ्याच्या वळणाने जातो, तर हेनेसी रोड १९२० च्या दशकात समुद्र बुजवल्यावर पट्टी लावून आखला. माती आली मॉरिसन हिलवरून. टेकडी फोडून पाण्यात टाकली, नाव तेवढं जागेवर राहिलं.

उतरून मागे क्वीन्स रोड ईस्टवर गेलो. दोन उंच इमारतींच्या बेचक्यात हुंग शिंगचं छोटंसं देऊळ, खडकाला पाठ टेकवून बसलेलं. हा दर्यावर्दींचा देव. एकेकाळी लाटा याच्या समोरच फुटत. उदबत्तीची राख शर्टावर पडली, ती झटकत दारातून बाहेर पाहिलं. समोर बस. देवळापासून धक्क्यापर्यंत पादचारी पूल चढत-उतरत मला वीसेक मिनिटं लागली.

धक्क्यावर स्टार फेरी उभी होती. हिची सुरुवात करणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला! हे आडनाव इथं वाचून मला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिकडे सेंट्रल या भागातला फेरीचा जुना धक्का २००६ मध्ये भरावासाठीच बंद झाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्याआधी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की लोकांची तशीच निकडीची गरज सिद्ध झाल्याशिवाय बंदरात भराव नाही. बोरिंगला व्यापाऱ्यांनी अडवलं ते धक्क्यांसाठी, या लोकांनी आवाज उठवला तोही धक्क्यासाठीच. फक्त यांच्यापैकी कुणाच्या मालकीचा तो नव्हता.

निळ्या गणवेशातल्या खलाशाने दोर सोडला. फेरीतल्या बाकांची पाठ उलटवता येते. मी ती उलटवली आणि मागे पडणाऱ्या हाँगकाँग बेटाकडे तोंड करून बसलो. देऊळ कुठल्या इमारतींमागे असेल ते शोधत राहिलो, पण पलीकडचा धक्का आला तरी सापडलं नाही.