साडेसोळाला अडकलेली पट्टी सुटली

सुटलं एकदाचं! काल रात्री स्क्रीनवर 20.9 नॅनोमीटर उमटलं आणि मी गच्चीत दोन फेऱ्या मारून आलो.

पट्टी मागच्या नोंदीतलीच, एका टोकाला घट्ट धरून कॉम्प्युटरवर वाकवून बघतोय ती: सिलिकॉनची, 500 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, 100 रुंद, 1 जाड. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत 2000 साली डीएनए ओळखायला वापरल्या त्याच मापाची. एका अंगाला रेणू चिकटले की सरफेस स्ट्रेस (पृष्ठभागावरचा ताण) बदलतो आणि पट्टी वाकते. मी 5 मिलिन्यूटन प्रति मीटर धरला होता. ताणावरून वाकणं काढायचं ते स्टोनीचं सूत्र; त्यानं वहीत हातानं काढलेलं टोकाचं वाकणं 20.8 नॅनोमीटर. वस्तूचे बारीक तुकडे करून गणित सोडवणारा सॉल्व्हर, कॅल्क्युलिक्स, त्याचं उत्तर दीड.

दीडचं कारण लगेच सापडलं. जीमेश (तुकड्यांची जाळी, म्हणजे मेश, करून देणारं सॉफ्टवेअर) सांगितलं नाही तर पहिल्या ऑर्डरचे, म्हणजे सरळ कडांचे, टेट्रा (चार तोंडांचे तुकडे) देतं, आणि पातळ पट्टीत ते टेट्रा म्हणजे दगड, वाकतच नाहीत. दुसऱ्या ऑर्डरवर (कडा वाकू शकणाऱ्या तुकड्यांवर) गेलो, आकडा 16.4 झाला. आणि तिथंच रुतून बसला.

मेश निम्म्यानं बारीक केली, 16.4. ताण देण्यापुरती वर जी 20 नॅनोमीटरची मऊ कातडी ठेवलीय (त्यात 0.25 मेगापास्कल), तिच्यावर संशय घेतला. 10 नॅनोमीटर आणि 0.5 मेगापास्कल करून पाहिलं, पुन्हा 16.4. एककं तपासली. मायक्रॉन, मायक्रोन्यूटन, मेगापास्कल, बरोबर जुळतात. एक अख्खा आठवडा बुडाच्या क्लॅम्पवर (पट्टी जिथं घट्ट धरलीय तिथं) घालवला. सोलापूरचा एप्रिल, लॅपटॉपखाली ओला पंचा, आणि सॉल्व्हर चालू.

शेवटी वही आणि मटेरियल कार्ड (सॉल्व्हरला सिलिकॉनचे गुण सांगणाऱ्या ओळी) शेजारी ठेवलं. वहीत यंग मॉड्युलस (ताणाला किती दाद देत नाही तो आकडा) 130 गिगापास्कल, कार्डात 169. कार्डातला बरोबर, कारण 100 वेफरवर माझी पट्टी 110 दिशेनं आहे (हे आकडे म्हणजे सिलिकॉनच्या स्फटिकातल्या दिशांची नावं; दिशेप्रमाणे कडकपणा बदलतो). पण त्या दिशेचा पॉयसन रेशो (लांबीत ताणलं की रुंदीत किती आकसतं ते प्रमाण) 0.064, आणि मी 0.28 तसाच ठेवला होता, जो 130 चा जोडीदार. एकाचा फेटा, दुसऱ्याचं धोतर! 0.064 टाकलं आणि 20.9 आलं. तयार मटेरियल याद्यांमध्येही 170 आणि 0.28 ही जोडी सर्रास दिसते, तेव्हा तुमचीही कार्डं उघडून बघा.

गंमत पुढेच आहे. स्टोनीला मॉड्युलस भागिले एक वजा पॉयसन एवढंच लागतं, आणि ते दोन्ही जोड्यांत 180 च्या आसपास येतं. म्हणजे दिशा कुठलीही घ्या, वाकणं तेवढंच. म्हणून वही चुकीच्या दिशेची असूनही उत्तर बरोबर देत होती. उरलेला 0.1 क्लॅम्पचा: बुडाशी पट्टीला रुंदीतून वळता येत नाही, म्हणून लांबीत जरा जास्त वाकते. त्या आठवड्याचं एवढं तरी फळ.

पुढचं ठरलं होतं पट्टीची पाण्यातली थरथरायची फ्रिक्वेन्सी. (हवेत साधारण साडेपाच किलोहर्ट्झ येतेय. तिथं मात्र 169 च लागतो, दिशा महत्त्वाची.) ते आता मागे. आधी ऑर्थोट्रॉपिक (दिशेप्रमाणे वेगळे गुण सांगणारं) कार्ड: सिलिकॉनचे तीन लवचीकता स्थिरांक 165.7, 63.9, 79.6 गिगापास्कल, अक्ष 45 अंशांनी फिरवून. 0.064 टाकून समान गुणांचं मटेरियल म्हणणं ही शेवटी पळवाटच.

याच पट्टीचं हॅक्सॉ ब्लेडचं मोठं मॉडेल करतोय, त्याची रड वेगळी. ऑनलाइन मागवलेल्या दहा स्ट्रेन गेजपैकी (ब्लेड वाकलं की यांचा विद्युतरोध बदलतो) दोघांच्या तारा सोल्डरिंगआधीच निघाल्या. उरलेल्यातला एक चिकटवला, तर रीडिंगमध्ये शेजारचा यंत्रमाग ठोके देतोय. माग थांबला की आलेख सरळ. रात्री दोननंतर प्रयोग करायचा विचार होता, घरून नकार आला.

हे लिहितानाच सुचलं: झुरिकवाल्यांनी ओळीत एक पट्टी संदर्भाला ठेवली होती आणि फरक मोजला होता. मग मीही दुसरं कोरं ब्लेड त्याच शिकंज्यात लावतो, दोन्ही गेज ब्रिजच्या (रोधातला फरक मोजणाऱ्या चौकोनी सर्किटच्या) शेजारच्या बाहूंत. मागाचा ठोका दोघांना सारखाच बसणार, दुपारचं ऊनही सारखंच. वजन फक्त एकावर. चिकटवलेला धरून गेज आठ उरलेत, पुरतील. ब्लेड उद्या आणतो.