मेटलची शिफारस: रोजनिशीतले एक पान

रविवार, रात्री

महोत्सव चार दिवसांचा असला तरी मेटलच्या, म्हणजे जड गिटारींच्या रॉक संगीताच्या, चाहत्यांसाठी तो वेळापत्रक जाहीर होते त्या दिवशीच सुरू होतो. ज्यांची वर्षभर वाट पाहिली ते दोन बँड नेमके एकाच वेळी दोन वेगळ्या मंचांवर आलेले असतात, आणि त्यांतल्या कोणाला सोडायचे यावर मित्रांमध्ये तासन्‌तास खल चालतो. आज संध्याकाळी आमच्यातही तो चालला. बोलता बोलता प्रत्येकाने आपापल्या आवडीचे बँड सांगितले, जुन्या महोत्सवांच्या आठवणी निघाल्या, आणि मला जाणवले की आज जे बँड मला सर्वांत जवळचे वाटतात, ते जवळजवळ सगळे कोणी ना कोणी माझी आवड ओळखून सुचवलेले आहेत. चांगली शिफारस करणे हे या संगीताच्या चाहत्याचे खरे काम आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

फ्रान्समधल्या क्लिसाँ या लहानशा गावी, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, २००६ पासून हेलफेस्ट हा मेटलचा महोत्सव भरतो. तिथली मंचांची मांडणी शिफारशीला फार पोषक आहे. दोन मुख्य मंच शेजारी शेजारी असतात आणि एकावरचे वादन थांबले की दुसऱ्यावरचे सुरू होते. ‘ऑल्टर’वर प्रामुख्याने गुरगुरत्या गायनाचे डेथ मेटल, त्याच्याच बाजूला ‘टेंपल’वर किंचाळत्या गायनाचे ब्लॅक मेटल, ‘व्हॅली’वर डूम, स्टोनर आणि स्लज हे जड प्रकार, तर ‘वॉरझोन’वर पंक आणि हार्डकोर हे आक्रमक प्रकार, अशी सर्वसाधारण विभागणी असते. त्यामुळे अनोळखी बँडच्या नावावरून काही कळले नाही, तरी मंचावरून आपल्या कानांना काय मिळणार याचा अंदाज बांधता येतो. मुख्य मंचावरची मोठी नावे मी टाळत नाही. जूडस प्रीस्ट किंवा आयर्न मेडन समोर वाजवत असताना हजारो लोक एका सुरात गिटारची धून गुणगुणू लागतात, तो अनुभव प्रत्येकाने एकदा तरी घ्यावा. तरीही संध्याकाळ ‘व्हॅली’वर काढावी, असेच मी सगळ्यांना सांगतो. नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या रोडबर्न महोत्सवाची तऱ्हा निराळी आहे. तिथे अनेक बँड एखादा अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलग सादर करतात, आणि अल्बम ही एकसंध रचना असते हे ज्याला पटवून द्यायचे असेल, त्याला मी तिकडेच धाडीन.

मला मिळालेली सर्वांत चांगली शिफारस ‘ऑल्टर’समोर, दोन सादरीकरणांच्या मधल्या वेळात मिळाली. शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ उभे होते. त्यांच्या बिनबाह्यांच्या डेनिम जाकिटावर बँडांच्या नावांची कापडी ठिगळे इतकी दाट शिवलेली होती की मूळ कापड शोधूनच काढावे लागले असते. खांद्यावरच्या एका ठिगळाची कड उसवलेली होती आणि ती दात साफ करण्याच्या मेणाच्या पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली दिसत होती. तो दोरा पावसात कुजत नाही आणि ओढाताणीत तुटत नाही, म्हणून जुने चाहते तोच वापरतात, हे त्यांनीच मला सांगितले. त्या ठिगळावर बोल्ट थ्रोअरचे नाव होते. मी हा बँड ऐकलेला नाही हे कळल्यावर त्यांनी आश्चर्य दाखवले नाही की उपदेशही केला नाही. मी कोणता अल्बम एकही गाणे न गाळता ऐकतो, एवढेच त्यांनी विचारले. मी कँडलमास या डूम बँडच्या १९८६ सालच्या पहिल्या अल्बमचे नाव घेतले. क्षणभर विचार करून ते म्हणाले, “मग तुम्ही ‘द फोर्थ क्रुसेड’पासून सुरुवात करा, कारण तुम्हाला संथ लयीतले वजन आवडते. आणि दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा फक्त बेस गिटारचा माग काढा.”

मी तसेच केले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा हा बँड १९८६ साली स्थापन झाला आणि हा अल्बम १९९२ सालचा आहे. पहिल्यांदा ऐकताना मला त्यात केवळ एक अवजड, न थांबणारी आगेकूच ऐकू आली. दुसऱ्यांदा मात्र जो बेंचच्या बेसकडे लक्ष दिल्यावर ती आगेकूच कशावर उभी आहे हे कळले, कारण गिटार जिथे सूर बदलते तिथे बेस खालची जमीन घट्ट धरून ठेवतो. २०१५ साली ड्रमवादक मार्टिन कर्न्स यांचे निधन झाले आणि वर्षभराने बँडने कायमचे थांबत असल्याचे जाहीर केले. त्या गृहस्थांनी मला जो बँड सुचवला, तो मंचावर पाहण्याची संधी मला आता कधीच मिळणार नाही. तरीही त्यांच्या त्या दोन वाक्यांनी मला पुढच्या अनेक बँडांपर्यंत नेले.

आपण मात्र बहुतेक वेळा याच्या अगदी उलट वागतो. नवख्या माणसाने ‘कुठून सुरुवात करू?’ असे विचारताच आपण त्याच्यासमोर वीस नावांची यादी टाकतो, आणि तो त्यातले एकही ऐकत नाही. माझ्या मते एका वेळी एकच बँड, त्याचा एकच अल्बम आणि त्यात कान कुठे लावायचा याची एक खूण, एवढेच द्यावे. ज्याला सुरावट प्रिय आहे आणि घशातून काढलेला गुरगुरता आवाज नकोसा वाटतो, त्याला मी जूडस प्रीस्टचा १९७८ सालचा ‘स्टेन्ड क्लास’ देतो आणि गायक रॉब हॅलफर्डचा आवाज वरच्या सप्तकात कसा चढतो तिकडे लक्ष द्यायला सांगतो. ज्याला हे संगीत आले कुठून, असे कुतूहल आहे, त्याने १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमकडे जावे. पण त्याआधी त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची हकिगत ऐकावी. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच होती. त्याने प्लास्टिक वितळवून त्या बोटांसाठी टोपणे बनवली, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या अल्बमात ताण कमी व्हावा म्हणून सूर तीन अर्धस्वरांनी खाली उतरवले. आज डूम म्हणून जो जड, खोल नाद आपण ओळखतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांची सोय आहे, हे कळल्यावर तो अल्बम वेगळाच ऐकू येतो.

डेथ मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असे ज्याचे ठाम मत असते, त्याच्याशी मी वाद घालत नाही. त्याला मी डेथ या बँडचा १९९१ सालचा ‘ह्यूमन’ ऐकायला देतो आणि ड्रमवादक शॉन रायनर्टच्या झांजांकडे लक्ष वेधतो. बँडचा प्रमुख चक शुल्डिनर याने जवळजवळ प्रत्येक अल्बमसाठी नवे साथीदार घेतले आणि स्वतःची शैलीही दर वेळी पुढे नेली. २००१ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तो गेला, याची हळहळ मला अजूनही वाटते.

एक शिफारस मात्र मी फार जपून करतो. बेल विच या जोडीच्या २०१७ सालच्या ‘मिरर रीपर’ या अल्बममध्ये एकच रचना आहे आणि ती तब्बल ८३ मिनिटांची आहे. त्यात गिटार नाही. बेस, ड्रम, ऑर्गन आणि आवाज एवढ्यावर ती अतिविलंबित लयीत पुढे सरकते. ती रचली जात असतानाच बँडचा पहिला ड्रमवादक एड्रियन गेरा याचे निधन झाले, आणि त्याचा आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज या रचनेत गुंफला गेला. कोणी नुकतेच जवळचे माणूस गमावले असेल, तर मी स्वतःहून हे नाव काढत नाही. त्याने विचारले तरच सांगतो, आणि मध्येच थांबलात तरी हरकत नाही, हेही सांगतो.

पहिल्यांदा महोत्सवाला निघालेल्या माणसाला बँडांच्या आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. मॉश पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर लोक एकमेकांना धडकत नाचतात त्या गर्दीत, कोणी पडला, तर त्याला आधी उचलायचे. मी स्वतः गोलाकार धावणाऱ्या गर्दीच्या एका सर्कल पिटमध्ये घसरलो तेव्हा जमिनीला पाठ पूर्ण टेकण्याआधीच काखेत दोन्ही बाजूंनी हात आले होते, आणि पायातून निसटलेला बूट कोणीतरी डोक्यावर उंच धरून मालकाचा शोध घेत होते. दुसरी गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानला, तर दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. मंचासमोर आवाज सहज तितका असतो. कानात बोळे घालून ऐकणे कमीपणाचे मानणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ज्या कानांवर आयुष्यभर हे संगीत ऐकायचे, ते एका रात्रीत गमावण्यात कोणतेही शौर्य नाही.

हवामानापुढे मात्र कोणाचेच काही चालत नाही. जर्मनीतल्या वाकेन गावच्या महोत्सवाची २०२३ साली ८५,००० तिकिटे विकली गेलेली असताना पावसाने मैदानांचा इतका चिखल झाला की प्रवेश थांबवावा लागला, आणि तिकीट हातात असूनही अनेकांना वाटेतूनच परतावे लागले. त्यांच्या निराशेची कल्पनाही मला करवत नाही.

लहान मंचांवरच्या बँडांविषयी मला अधिक आस्था आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांचा प्रवासखर्च टीशर्ट आणि तबकड्यांच्या विक्रीवरच भागतो. वादन संपल्यावर कधी कधी ड्रमवादकच घाम पुसत विक्रीच्या टेबलामागे उभा असतो. तिथे काही तरी विकत घ्यावे, आणि घेताना तो स्वतः सध्या काय ऐकतो आहे हे जरूर विचारावे. असे विचारल्यावर ते लोक खुलतात, आणि अशी नावे सांगतात जी कोणत्याही यादीत सापडत नाहीत. त्यांनी सांगितलेली नावे मी याच वहीच्या शेवटच्या पानांवर टिपून ठेवतो. त्यांतली निम्मी अजून ऐकायची राहिली आहेत, आणि उद्यापासून रोज रात्री एक अल्बम, दिवा मालवून आणि मध्ये न उठता, असा क्रम मी ठरवला आहे.