फुल्यांचा हौद आणि आमची लिफ्ट

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला: घरकामाला येणाऱ्या बायकांनी मागचीच लिफ्ट वापरावी, अशी पाटी लावायची का? 'लावा' म्हणणाऱ्यांत 14 एप्रिलला बाबासाहेबांचा डीपी ठेवणारेही होते बरं का! कारण काय, तर म्हणे गर्दी होते. सकाळी गर्दी नेमकी कोणाची असते, ते वॉचमनला विचारा.

मग मी बोललोच. जोतीरावांनी 1868 मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी 59 वर्षं! तेव्हाही आळीत कोणीतरी गर्दीचंच कारण दिलं असेल.

एक काका वैतागले, "सगळीकडे राजकारण कशाला आणता?" अहो काका, कोणी कुठून वर जायचं हे पाटी लावून ठरवणार तुम्ही, आणि राजकारण मी आणतोय?

पाटी बारगळली, पण जेमतेम. पुढच्या वेळी या बायकांच्या भरपगारी सुट्ट्यांचा विषय मांडणार आहे, महिन्याला किमान चार. लिफ्टवर माझ्या बाजूने हात वर करणारे तेव्हा किती उरतात बघू. खिशाला हात घालायचाय ना! आईने तर आत्ताच विचारलंय, "त्या चार दिवशी भांडी कोण घासणार, तू?"

हो, मीच.